थेंबाचा मुकुट

दुधाच्या भांड्यात दुधाचा थेंब पडला, तर काय होते? टप् असा आवाज येतो, थोडे दूध इकडेतिकडे उडते आणि पुन्हा सारे शांत. आपल्याला एवढेच दिसते. मधल्या वेळात पुष्कळ काही घडून जाते, पण ते इतक्या झटपट घडते की आपली नजर त्याला गाठू शकत नाही. उर्दूत आपण ज्याला पलक झपकणे म्हणतो, त्याला मराठीत पापणी लवणे म्हणतात. पापणी लवायला सेकंदाचा साधारण तिसरा ते दहावा भाग लागतो. थेंबाच्या आघाताने दुधाची जी वर्तुळाकार भिंत उभी राहते, ती पापणी लवण्यापूर्वीच उठते आणि कोसळतेही.

ही भिंत उठलेली असतानाच तिला प्रकाशाने पकडून ठेवण्याचे काम हॅरोल्ड एजर्टन यांनी केले. त्यांनी काढलेले दुधाच्या थेंबाचे छायाचित्र जगभर प्रसिद्ध आहे. लाल पार्श्वभूमीवर पांढराशुभ्र मुकुट, मुकुटाच्या प्रत्येक टोकावर एकेक मोती, असे ते चित्र दिसते. तो मुकुट दुधाचा आहे, हे पाहणाऱ्याला सांगावे लागते.

हॅरोल्ड युजीन एजर्टन यांचा जन्म ६ एप्रिल १९०३ रोजी अमेरिकेतील नेब्रास्का राज्यात फ्रीमाँट या गावी झाला. त्यांचे बालपण त्याच राज्यातील ऑरोरा या लहानशा गावात गेले. आजूबाजूला शेते, माळरान आणि मोठे आकाश. वडील वकील होते. हॅरोल्डचे एक काका छायाचित्रकार होते. त्यांच्याकडून तो फोटो काढायला, फिल्म धुवायला आणि कागदावर चित्र उमटवायला शिकला. त्याने घरातच एक अंधारखोली तयार केली. त्या काळात फोटो काढणे आजच्यासारखे सोपे नव्हते. फिल्म धुताना जरा उजेड लागला, तर सगळी मेहनत वाया जात असे.

शाळेत असताना हॅरोल्डला दुसराही एक छंद लागला. तो गावातील वीज कंपनीत काम करू लागला. तारा, यंत्रे आणि मोटारी यांची त्याला ओळख झाली. फोटो आणि वीज या दोन गोष्टी पुढे आयुष्यभर त्याच्याबरोबर राहणार होत्या, पण त्या एकमेकींना भेटायला अजून अवकाश होता.

१९२५ साली नेब्रास्का विद्यापीठातून विद्युत अभियांत्रिकीची पदवी घेऊन त्यांनी एक वर्ष एका मोठ्या वीज कंपनीत काम केले. १९२६ साली ते मॅसॅच्युसेट्स तंत्रविज्ञान संस्थेत पुढील शिक्षणासाठी दाखल झाले. ही संस्था बॉस्टनजवळ केंब्रिज येथे आहे. एम.आय.टी. या नावाने ती ओळखली जाते. एजर्टन विद्यार्थी म्हणून तेथे गेले आणि जन्मभर तेथलेच झाले. १९२८ साली त्यांनी आपल्याच गावच्या एस्थर गॅरेट यांच्याशी विवाह केला.

एम.आय.टी.मध्ये ते विजेच्या मोठ्या मोटारींचा अभ्यास करीत होते. मोटारीवरचा भार एकदम वाढला, तर तिच्या फिरणाऱ्या भागात काय फरक पडतो, हे त्यांना पाहायचे होते. पण भरधाव फिरणाऱ्या भागाकडे पाहिले, की धुरकट वर्तुळाखेरीज काही दिसेना. त्याच प्रयोगशाळेत पाऱ्याची वाफ भरलेल्या विद्युतनळ्या होत्या. त्या लुकलुकत असत. एजर्टन यांच्या लक्षात आले, की या लुकलुकण्याचा आणि मोटारीच्या फेऱ्यांचा मेळ बसला म्हणजे फिरणारी मोटार जागच्या जागी थांबल्यासारखी दिसते.

हे कसे होते, ते समजून घेऊ. जुन्या पद्धतीची, चोक असलेली ट्यूबलाइट सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होते. आपल्याला ती सतत जळताना दिसते, इतकेच. अशा उजेडात पंखा सुरू करताना किंवा बंद करताना नीट पाहा. क्षणभर त्याची पाती थबकल्यासारखी किंवा उलटी फिरल्यासारखी वाटतात. पंख्याचे एक पाते जेथे होते, तेथे दुसरे पाते येऊन पोहोचते आणि नेमका त्याच वेळी प्रकाश पडतो. मधला प्रवास अंधुक उजेडात होतो. म्हणून डोळ्याला वाटते, की पाते हललेच नाही.

अशा गोष्टी कितीतरी जणांच्या डोळ्यांसमोरून गेल्या असतील. एजर्टन यांनी मात्र मुद्दाम असा दिवा तयार केला, की जो हवा तेव्हा आणि हवा तितक्या वेळा लखकन चमकेल. अशा दिव्याच्या उपकरणाला स्ट्रोबोस्कोप म्हणतात. लुकलुकत्या प्रकाशाची कल्पना त्यांच्या आधीपासून लोकांना ठाऊक होती. पण इतका प्रखर, इतका अल्पकाळ टिकणारा आणि इतका हुकमी प्रकाश त्यांनीच मिळवून दिला. १९३१ साली त्यांना डॉक्टरेट मिळाली.

त्यांच्या दिव्याची रचना समजायला अवघड नाही. एखादी टाकी बारीक धारेने हळूहळू भरावी आणि मग खालचे मोठे झाकण एकदम उघडून सगळे पाणी एका दणक्यात सोडून द्यावे, तसा हा प्रकार आहे. येथे टाकीच्या जागी कंडेन्सर असतो. त्यात वीज साठवली जाते. ती सगळी वीज वायू भरलेल्या काचेच्या नळीतून एकदम सोडली, की नळीत डोळे दिपवणारा झोत चमकतो आणि लगेच विझतो. पुढे अशा नळ्यांत झेनॉन हा वायू वापरू लागले. आज फोटोग्राफरच्या हातात जो फ्लॅश दिसतो, त्याच्या पोटात हीच युक्ती आहे.

मोटार पाहून झाली, तेव्हा एजर्टन यांनी प्रयोगशाळेतल्या इतर गोष्टींकडे नजर वळवली. नळातून पडणाऱ्या पाण्याचा त्यांनी फोटो काढला. आपल्याला सलग दिसणारे ते पाणी फोटोत काचेच्या गोठलेल्या तुकड्यासारखे दिसले. आणि मग ते थेंबाकडे वळले.

थेंबाचा अभ्यास करणारे एजर्टन हे पहिले नव्हेत. त्यांच्या आधी इंग्लंडमध्ये आर्थर वर्दिंग्टन नावाचे पदार्थविज्ञानाचे शिक्षक होऊन गेले. त्यांची हकिगत सांगितल्याशिवाय पुढे जाणे मला बरे वाटत नाही. १८७५ च्या सुमारास त्यांनी पडणाऱ्या थेंबांचा अभ्यास सुरू केला. अंधाऱ्या खोलीत ते थेंब टाकत आणि तो आदळताच विजेची एक ठिणगी पाडत. त्या ठिणगीच्या उजेडात डोळ्यांना जे दिसे, ते लगेच कागदावर काढत. मग ठिणगीची वेळ किंचित बदलून पुढचा थेंब. असे शेकडो थेंब! त्यांची चित्रे फार सुंदर आहेत. प्रत्येक थेंबाचा मुकुट अगदी रेखीव, चारी बाजूंनी सारखा.

१८९४ च्या सुमारास वर्दिंग्टन यांना ठिणगीच्या उजेडात थेंबाचे फोटो काढता येऊ लागले. फोटो समोर आले आणि घोटाळा झाला. फोटोतले मुकुट रेखीव नव्हते. कुठे टोक लांब, कुठे आखूड, कुठे कड फाटलेली. मग वीस वर्षे त्यांनी काय पाहिले होते? त्यांनी जुने कागद काढले. वेडेवाकडे थेंब त्यांना पूर्वीही दिसले होते. पण ते चुकून तसे पडले असे समजून त्यांनी बाजूला ठेवले होते आणि नियमाला शोभेल तेवढेच चित्रात उतरवले होते. हे त्यांनी स्वतः जाहीरपणे सांगितले. वीस वर्षांच्या कामाबद्दल असे बोलायला मोठी हिंमत लागते. त्यांचे थेंबांवरील पुस्तक १९०८ साली प्रसिद्ध झाले. त्यात फोटो आहेत, वेड्यावाकड्या मुकुटांसकट.

एजर्टन यांच्याजवळ वर्दिंग्टनपेक्षा कितीतरी चांगला दिवा होता. त्यांनी पाण्याऐवजी दूध घेतले, कारण पाणी आरपार दिसते आणि दूध पांढरे असल्याने त्याचा आकार उठून दिसतो. बशीत दुधाचा पातळ थर ठेवायचा. वरून नळीतून एकेक थेंब सोडायचा. थेंबाच्या वाटेत प्रकाशाची एक बारीक तिरीप ठेवायची. थेंबाने ती तिरीप अडवली, की विद्युत यंत्रणेला इशारा मिळतो आणि ठरावीक क्षण थांबून दिवा चमकतो. माणसाच्या हाताला हे जमणार नाही, म्हणून बटण दाबण्याचे काम त्यांनी थेंबाकडूनच करून घेतले.

थोडे गणित करून पाहू. २० सेंटिमीटर उंचीवरून पडलेला थेंब खाली येईपर्यंत सेकंदाला सुमारे २ मीटर वेग घेतो. कॅमेऱ्याचा पडदा सेकंदाचा साठावा भाग उघडा राहिला, तर तेवढ्यात थेंब ३ सेंटिमीटरहून जास्त सरकेल आणि फोटोत पांढरा पट्टा उमटेल. पण प्रकाशच जर सेकंदाच्या दहा हजाराव्या भागापुरता पडला, तर थेंब जेमतेम ०.२ मिलिमीटर सरकेल. मग पडदा कितीही वेळ उघडा राहो. अंधारात फिल्मवर काही उमटत नाही. म्हणजे झटपट उघडमीट होते ती कॅमेऱ्याची नव्हे, दिव्याची.

आता त्या थेंबाकडे पाहू. थेंब पातळ थरावर आदळतो आणि दूध चहूबाजूंना ढकलले जाते. ढकललेले दूध भिंतीसारखे वर उठते. भिंतीच्या कडेला दूध गोळा होऊन कड जाड होते. द्रवाच्या पृष्ठभागावर एक ताण असतो, तो द्रवाला आवळून गोल करू पाहतो. पावसाचे लहान थेंब गोल असतात ते यामुळेच. त्या ताणामुळे जाड कड सलग राहू शकत नाही. ती ठिकठिकाणी फुगते, फुगवट्यांना टोके फुटतात आणि टोकांवरून मोत्यांसारखे लहान थेंब सुटून निघतात. भांडे खोल असेल, तर आणखी एक गंमत होते. थेंबाने पाडलेला खड्डा सर्व बाजूंनी भरून येतो आणि मधोमध पाण्याचा एक खांब उसळतो. या खांबाला आजही वर्दिंग्टन यांचे नाव आहे.

१९३६ साली एजर्टन यांनी काढलेला मुकुट काळ्यापांढऱ्या फोटोत होता. तो १९३७ साली न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयातील छायाचित्रांच्या प्रदर्शनात मांडला गेला. दुसऱ्या कोणाचे समाधान झाले असते. एजर्टन मात्र पुन्हा थेंब टाकत राहिले. सगळी टोके सारख्या अंतरावर, सगळे मोती सारख्या आकाराचे, असा एक मुकुट त्यांना हवा होता. आज आपल्या ओळखीचा असलेला रंगीत फोटो त्यांनी १९५७ च्या जानेवारीत काढला. पहिल्या प्रयत्नांपासून मोजले, तर जवळजवळ पंचवीस वर्षे होतात. हा फोटोसुद्धा लक्ष देऊन पाहिला, तर मोती अगदी एकसारखे नाहीत असे दिसते. दुधाने आपला स्वभाव सोडला नाही आणि एजर्टन यांनी दुधाच्या चित्रावर पेन्सिल चालवली नाही. २०१६ साली टाइम या अमेरिकन साप्ताहिकाने जगातील सर्वांत प्रभावी १०० छायाचित्रांची निवड केली, त्यात हा फोटो होता.

लोक त्यांना कलावंत म्हणत, ते मात्र त्यांना पसंत नव्हते. आपण इंजिनियर आहोत आणि खरे काय घडते तेवढेच शोधतो, असे ते सांगत. मला वाटते, यात त्यांनी स्वतःवर थोडा अन्यायच केला. नुसती माहितीच हवी असती, तर लाल पार्श्वभूमी निवडायची काय गरज होती?

केनेथ जर्मेशॉसेन आणि हर्बर्ट ग्रिअर हे त्यांचे दोन शिष्य पुढे त्यांचे भागीदार झाले. तिघांनी मिळून कितीतरी फोटो काढले. गुंजन पक्षी पंख इतक्या वेगाने हलवतो, की पंखांच्या जागी नुसता धूर दिसतो. एजर्टन यांच्या फोटोत त्याचे एकेक पीस मोजता येते. १९३९ साली त्यांनी जेम्स किलियन यांच्यासह या फोटोंचे पुस्तक काढले. १९४० साली त्यांच्या कामावर एक छोटा चित्रपट निघाला. त्याच्या नावाचा अर्थ पापणी लवण्यापेक्षाही वेगाने असा होतो. त्या चित्रपटाला ऑस्कर पारितोषिक मिळाले.

आतापर्यंतची गोष्ट ऐकायला गोड आहे. पण एजर्टन यांचा दिवा दुधाच्या बशीपाशीच राहिला नाही. दुसरे महायुद्ध सुरू झाले. रात्रीच्या अंधारात शत्रूच्या हालचालींचे फोटो विमानातून कसे काढायचे, असा प्रश्न अमेरिकेच्या सेनेपुढे होता. एजर्टन यांनी विमानात बसेल असा प्रचंड फ्लॅश तयार केला. तो उंच आकाशातून जमीन उजळवून टाकत असे. जून १९४४ मध्ये दोस्त सैन्य फ्रान्सच्या नॉर्मंडी किनाऱ्यावर उतरले. त्याआधीच्या रात्री याच फ्लॅशने तेथील फोटो काढले होते. या कामासाठी १९४६ साली त्यांना मेडल ऑफ फ्रीडम हा सन्मान देण्यात आला.

१९४७ साली तिघा मित्रांनी आपल्या आडनावांची आद्याक्षरे जोडून ई.जी. अँड जी. ही कंपनी काढली. अणुबाँबच्या चाचण्यांचे फोटो काढण्याचे काम या कंपनीकडे आले. येथे वेगळाच पेच होता. थेंबाला उजेड द्यावा लागे, बाँब स्वतःच सूर्यासारखा पेटलेला. मग दिव्याऐवजी कॅमेऱ्याचे दारच क्षणाच्या अंशापुरते उघडायला हवे. लोखंडाचा किंवा कापडाचा कोणताही पडदा इतक्या वेगाने हलणे शक्य नव्हते. एजर्टन यांनी हलणारा भागच नसलेला कॅमेरा तयार केला. प्रकाश अडवणारी आणि सोडणारी काच त्यात विजेच्या झटक्याने काम करत असे. सेकंदाच्या काही दशलक्षांश भागांत फोटो निघे. नेवाडाच्या वाळवंटात कित्येक किलोमीटर दूर ठेवलेल्या या कॅमेऱ्यांनी आगीचा गोळा जन्मतानाच टिपला. १९५२ सालच्या काही फोटोंत त्या गोळ्याच्या खाली अणकुचीदार सुळे दिसतात. बाँब ज्या मनोऱ्यावर ठेवला होता, त्याला ताणून धरणाऱ्या तारा उष्णतेने वितळून वाफ झाल्या, त्याचे ते सुळे.

मला हे फोटो दुधाच्या मुकुटाशेजारी ठेवून पाहवत नाहीत. एकाच माणसाचे हात, तीच हुशारी, तेच वेळेचे अचूक मोजमाप. दुधाचा मुकुट मोडला, तर बशी पुसली की झाले. एजर्टन यांना या कामाबद्दल काय वाटत असेल, याचा अंदाज बांधण्याचे काम माझे नाही. मात्र त्यांच्या चरित्रातील ही पाने गाळून फक्त दुधाची पाने वाचली, तर आपणही वर्दिंग्टन यांच्या पहिल्या चित्रांसारखे रेखीव चित्र काढून बसू.

१९५३ पासून त्यांचे लक्ष समुद्राकडे गेले. समुद्रसंशोधक झाक कूस्तो यांच्याबरोबर त्यांनी खोल पाण्यात उतरणारे कॅमेरे आणि फ्लॅश तयार केले. कूस्तो यांच्या जहाजावरील खलाशी त्यांना प्रेमाने पापा फ्लॅश म्हणत. गढूळ पाण्यात उजेडाचे काही चालत नाही. तेव्हा त्यांनी आवाजाचा उपयोग केला. आवाजाच्या लहरी तळाकडे सोडायच्या आणि त्यांच्या प्रतिध्वनीवरून तळाचे चित्र काढायचे. १८६२ साली वादळात बुडालेल्या मॉनिटर या अमेरिकेच्या लोखंडी युद्धनौकेचे अवशेष १९७३ साली सापडले. त्या शोधमोहिमेत एजर्टन होते. तेव्हा त्यांचे वय सत्तर होते. त्याच वर्षी त्यांना अमेरिकेचे राष्ट्रीय विज्ञान पदक मिळाले.

सफरचंदातून आरपार जाणाऱ्या गोळीचा त्यांचा फोटो १९६४ सालचा आहे. सेकंदाला सुमारे ८५० मीटर धावणारी गोळी फोटोत हवेत टांगल्यासारखी दिसते. येथे दिव्याला इशारा दिला तो गोळीच्या आवाजाने. नवल म्हणजे, गोळी बाहेर पडली त्या बाजूबरोबरच ती शिरली त्या बाजूनेही सफरचंदाचा गर उसळलेला आहे. या फोटोची पोस्टकार्डे एजर्टन यांच्या खिशात असत. भेटायला येणाऱ्यांना ते ती वाटत.

असे फोटो काढायला आज मोठी प्रयोगशाळा लागत नाही. जगभर हौशी माणसे आपल्या घरात थेंबांचे फोटो काढतात. खोलीत अंधार करायचा, कॅमेरा तिकाटण्यावर बसवून पडदा उघडा ठेवायचा, बशीत थेंब सोडायचा आणि त्या वेळी फ्लॅश चमकवायचा. आजच्या बहुतेक फ्लॅशमध्ये शक्ती कमी ठेवली, की झोत आणखी अल्पकाळ टिकतो. म्हणून फ्लॅश कमी शक्तीवर ठेवून बशीच्या अगदी जवळ आणतात. पन्नास-साठ फोटोंत एखादा मनासारखा निघतो. काही मोबाइल फोनवर सेकंदाला २४० चित्रे टिपता येतात. भर उन्हात बशी ठेवून तसे चित्रण केले, तर मुकुटाची उठबस दिसू शकते. मात्र फ्लॅश उघडून आत काय आहे, ते पाहण्याचा मोह कोणी धरू नये. त्यातील कंडेन्सर बंद असतानाही वीज साठवून असतो आणि त्याचा झटका जिवावर बेतू शकतो.

१९६८ साली एजर्टन निवृत्त झाले, पण त्यांनी एम.आय.टी.त येणे सोडले नाही. विद्यार्थी त्यांना डॉक म्हणत. नवा विद्यार्थी असो की मोठा पाहुणा, ते त्याला आपली यंत्रे दाखवत. ४ जानेवारी १९९० रोजी एम.आय.टी.तच, दुपारच्या जेवणाच्या वेळी, हृदयविकाराच्या झटक्याने त्यांचे निधन झाले. तेव्हा ते ८६ वर्षांचे होते.

त्यांनी तयार केलेले एक गमतीचे यंत्र एम.आय.टी.त आहे. त्यात पाण्याचे थेंब एकामागून एक पडतात आणि वर लुकलुकता दिवा असतो. दिव्याचा वेग जुळवला, की थेंब हवेत मोत्यांच्या माळेसारखे थांबलेले दिसतात. जरा बदलला, की ते खालून वर चढू लागतात. पाहणाऱ्याला आपल्या डोळ्यांवर विश्वास बसत नाही. मग तो हळूच बोट पुढे करतो आणि ते ओले होते.